विशेष बालकांचा शालेय कैवार

शारीरिक, ज्ञानेंद्रियविषयक, बौद्धिक किंवा अध्ययनविषयक अडचणींमुळे ज्यांना नेहमीच्या अध्यापनाखेरीज काही वेगळी तजवीज लागते, अशा बालकांना विशेष गरजा असलेली बालके किंवा थोडक्यात विशेष बालके म्हणतात. अशा बालकास सर्वसाधारण शाळेच्या वर्गात इतर मुलांबरोबर शिकता यावे, म्हणून शाळा, शासन व समाज यांच्यापुढे त्याची बाजू मांडणे आणि आवश्यक ती तजवीज प्रत्यक्षात येईपर्यंत तिचा पाठपुरावा करणे, यास प्रस्तुत नोंदीत शालेय कैवार ही संज्ञा वापरली आहे. कैवार घेणारी व्यक्ती बहुधा आई किंवा वडील असते. तथापि आजी-आजोबा, अंगणवाडी सेविका, वर्गशिक्षक आणि पुढे वयाने वाढल्यावर ते बालक स्वतःही हे काम करते. ‘कैवार घेणे’ या शब्दप्रयोगास व्यवहारात क्वचित पक्षपाताची छटा येते. ती येथे अभिप्रेत नाही.

या विषयाचे मर्म प्रवेश व सहभाग यांतील फरकात आहे. बालकाचे नाव पटावर लागले, हजेरी मांडली गेली, पाठ्यपुस्तके व पोषण आहार मिळाला, एवढ्याने ते शिकत आहे असे ठरत नाही. कमी ऐकू येणारे मूल फळ्यावरील मजकूर सुबक अक्षरांत उतरवून घेते, त्याच्या वहीवर शिक्षकांची सही होते आणि चौथी इयत्ता संपली तरी त्याला स्वतः लिहिलेल्या वाक्याचा अर्थ सांगता येत नाही, असा प्रकार अनेकदा घडतो. ते कोणास त्रास देत नाही, म्हणून त्याच्याविषयी तक्रारही नसते. वर्गात गोंधळ घालणाऱ्या मुलाकडे निदान लक्ष तरी जाते. शांत बसलेल्या विशेष बालकाकडे तेही जात नाही. कैवाराची सर्वाधिक गरज अशा बालकास असते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : भारतात विशेष बालकांच्या शिक्षणाचा आरंभ स्वतंत्र शाळांपासून झाला. कर्णबधिरांसाठी मुंबईत एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात, तर अंधांसाठी अमृतसर येथे १८८७ मध्ये शाळा निघाली. या शाळा प्रामुख्याने धर्मोपदेशक व दानशूर व्यक्ती यांच्या प्रयत्नांतून उभ्या राहिल्या. पालकांचा वाटा पुढे दिसू लागतो. मुंबईतील होरमसजी व तेहमिना वकील या दांपत्याने आपली कन्या जय हिच्यासाठी सुयोग्य शाळा नाही, हे पाहून १९४४ मध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांची शाळा सुरू केली. ती आजही जय वकील या नावाने ओळखली जाते. मिठू अलूर यांची कन्या मालिनी चिब हिला मेंदूच्या पक्षाघाताचा विकार होता. अलूर यांनी १९७२ मध्ये मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था स्थापन केली. मालिनी चिब यांनी पुढे मुंबईच्या सेंट झेव्हियर्स महाविद्यालयातून पदवी घेतली आणि लंडन येथे पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केले. एका करंगळीने कळफलकावर टंकून त्यांनी आपले आत्मचरित्र लिहिले. त्याचे नावच ‘वन लिटल फिंगर’ असे आहे. या दोन्ही उदाहरणांत पालकांना अस्तित्वात असलेल्या शाळेचे दार ठोठावण्याऐवजी नवीन शाळाच काढावी लागली, ही गोष्ट लक्षणीय आहे. पैसा, शिक्षण व ओळखी असलेल्या कुटुंबांना हे साधले. खेड्यातील शेतमजुराला असा मार्ग कधीच मोकळा नव्हता आणि म्हणूनच गावातल्या शाळेचा प्रश्न वेगळा ठरतो.

सर्वसाधारण शाळेतच शिक्षण द्यावे, हा विचार शासकीय स्तरावर फार जुना आहे. १९४४ च्या सार्जंट अहवालाने विशेष बालकांचे शिक्षण हा राष्ट्रीय शिक्षणव्यवस्थेचाच भाग मानला. कोठारी आयोगाने (१९६४–६६) शक्य तितक्या बालकांना नेहमीच्या शाळेत सामावून घेण्याची शिफारस केली. १९७४ मध्ये केंद्र शासनाने अपंग एकात्म शिक्षण योजना सुरू केली. ती प्रथम समाजकल्याण खात्याकडे होती व १९८२ मध्ये शिक्षण खात्याकडे आली. हे स्थलांतर केवळ कारकुनी नव्हते. तोवर विशेष बालकाचे शिक्षण ही दयेची बाब मानली जाई, ती आता शिक्षणाची बाब झाली. एकात्म शिक्षणाच्या कल्पनेत मात्र एक उणीव होती : बालकाने शाळेस साजेसे व्हावे, अशी तिची अपेक्षा होती. शाळेनेच बालकास साजेसे व्हावे, हा समावेशक शिक्षणाचा विचार १९९४ मधील सालामांका (स्पेन) येथील जागतिक परिषदेनंतर रूढ झाला. त्या परिषदेत ९२ देशांच्या शासनांचे प्रतिनिधी उपस्थित होते.

अन्य देशांतही कायद्यामागे पालकांचाच रेटा होता. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातील बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या पालक-संघटनेने राज्य शासनाविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. १९७१-७२ मध्ये झालेल्या निवाड्याने या मुलांना सार्वजनिक शाळेत शिक्षण नाकारता येणार नाही, असे ठरले. त्यातूनच १९७५ चा अमेरिकन कायदा आला. प्रत्येक विशेष बालकासाठी लेखी ‘वैयक्तिक शिक्षण योजना’ करावी आणि ती करताना पालकांना बैठकीस बोलवावे, हे या कायद्याने बंधनकारक केले. ब्रिटनमधील मेरी वॉरनॉक समितीच्या १९७८ च्या अहवालाने वैद्यकीय प्रकारांऐवजी ‘विशेष शैक्षणिक गरजा’ ही भाषा पुढे आणली आणि शालेय जीवनात केव्हा ना केव्हा दर पाचांपैकी एका बालकास अशी गरज भासू शकते, असा अंदाज मांडला. मुलाला कोणता रोग आहे, याऐवजी त्याला काय लागते, हा प्रश्न विचारण्याची सवय या अहवालाने लावली.

कायद्यातील आधार : बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यानुसार सहा ते चौदा वर्षे वयाच्या प्रत्येक बालकास शेजारच्या शाळेत प्रवेशाचा हक्क आहे. महाराष्ट्रात ही शाळा पहिली ते पाचवीसाठी एक किमी.च्या आत व सहावी ते आठवीसाठी तीन किमी.च्या आत असावी, असा नियम आहे. २०१२ च्या दुरुस्तीने विशेष बालकांचा वंचित घटकांत समावेश झाला. याच दुरुस्तीने तीव्र किंवा बहुविध अक्षमता असलेल्या बालकास घरी राहून शिकण्याचा पर्याय दिला. हा पर्याय निवडण्याचा हक्क बालकाचा आहे, शाळेचा नव्हे. व्यवहारात मात्र ‘तुमच्या मुलाला घरीच शिकवू’ हे वाक्य पुष्कळदा प्रवेश टाळण्याची सभ्य रीत ठरते. म्हणूनच हा भेद पालकांना नीट ठाऊक असणे अगत्याचे आहे.

दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ (अंमल १९ एप्रिल २०१७ पासून) हा या विषयाचा मुख्य आधार होय. १९९५ च्या जुन्या कायद्यातील सात प्रकारांऐवजी यात एकवीस प्रकारच्या अक्षमता मानल्या आहेत. विशिष्ट अध्ययन अक्षमता व स्वमग्नता यांचाही त्यांत अंतर्भाव आहे. कलम १६ नुसार शासनाचे अनुदान किंवा मान्यता असलेल्या शिक्षणसंस्थांनी भेदभाव न करता प्रवेश द्यावा, इमारत व स्वच्छतागृहे वापरण्याजोगी करावीत, बालकाच्या गरजेप्रमाणे वाजवी तजवीज करावी आणि अध्ययन अक्षमता वेळीच ओळखावी, असे अपेक्षित आहे. कलम १७ मध्ये मोफत पुस्तके व साधने, लेखनिक, परीक्षेत जादा वेळ आणि दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट यांचा निर्देश आहे. कलम ३१ नुसार ४० टक्के वा त्याहून अधिक अक्षमता प्रमाणित झालेल्या बालकास सहा ते अठरा वर्षांपर्यंत शेजारच्या किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षण घेता येते. ४० टक्क्यांहून कमी अक्षमता असलेल्यांना काहीच मिळत नाही, हा समज मात्र चुकीचा आहे. विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या खटल्यात ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने लेखनिकाची सोय केवळ या टक्केवारीवर अवलंबून ठेवता येणार नाही, असा निर्णय दिला आणि वाजवी तजवीज हा समतेच्या हक्काचाच भाग असल्याचे स्पष्ट केले. त्याच वर्षी रजनीश कुमार पांडे खटल्यात न्यायालयाने प्राथमिक स्तरावर दहा व त्यापुढील स्तरावर पंधरा विशेष विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक, असे प्रमाण निश्चित केले.

एवढे कायदे असता कैवाराची आवश्यकता काय, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. कायदा हक्क देतो. परंतु अमुक मुलीला तिसऱ्या बाकावरून पहिल्या बाकावर आणा, असे सांगायला तो वर्गात येत नाही. ते कोणीतरी सांगावे लागते आणि बहुधा पुन्हापुन्हा सांगावे लागते.

खेड्यातील वाट : २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात सर्व वयोगट मिळून सु. २९·६ लक्ष दिव्यांग व्यक्ती होत्या. त्यांतील शाळकरी मुलांचा प्रवास कसा होतो, हे एखाद्या गावाच्या संदर्भात पाहिल्यास अधिक स्पष्ट होते. जऊळका (रेल्वे) हे वाशिम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील पूर्णा–अकोला लोहमार्गावरचे गाव. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला आणि २०११ मध्ये त्याची लोकसंख्या ११,९७,१६० होती. मुख्यतः सोयाबीन व तूर पिकविणाऱ्या या मुलखात मुलाची अडचण प्रथम ध्यानात येते ती घरी किंवा अंगणवाडीत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, पालघर येथे झाला. या कार्यक्रमाखालील फिरते पथक अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा व शाळेतील बालकांची एकदा तपासणी करते. पथक येण्याच्या दिवशी मूल नेमके गैरहजर राहू नये, एवढी खबरदारी घेणे ही कैवाराची पहिली पायरी म्हणता येईल. संशय आढळल्यास पुढील तपासणी व दिव्यांगत्व प्रमाणपत्र यांसाठी वाशिमचे जिल्हा रुग्णालय गाठावे लागते. शाळेच्या बाबतीत केंद्रप्रमुख, मालेगावच्या पंचायत समितीतील गटशिक्षणाधिकारी व गटसाधन केंद्र आणि अखेरीस वाशिमच्या जिल्हा परिषदेतील शिक्षणाधिकारी, अशी ही उतरंड आहे. समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक गटसाधन केंद्राशी संलग्न असतात व ठरावीक दिवशी शाळांना भेटी देतात. ते एकाच शाळेत कायम नसतात.

या वाटेवरचा खरा खर्च बसभाड्याचा नसून बुडालेल्या मजुरीचा असतो. सोयाबीन काढणीच्या दिवसांत तालुक्याला किंवा जिल्ह्याला जाणे म्हणजे दिवसाची मजुरी सोडणे होय, आणि रुग्णालयातील एक फेरी क्वचितच पुरते. त्यामुळे कोणते काम गावातच मुख्याध्यापकांकडे होऊ शकते, कोणते विशेष शिक्षकांच्या भेटीच्या दिवशी करता येईल आणि कशासाठी जिल्ह्याला जाणे अटळ आहे, याची आधी फोड करून घेतलेली बरी. शाळेत प्रवेश घेण्यासाठी दिव्यांगत्व प्रमाणपत्राची अट नाही. प्रमाणपत्र पुढील सवलतींसाठी लागते. ते मिळेपर्यंत मुलाला घरी बसविण्याचे कारण नाही.

वाशिम जिल्ह्यात बंजारा समाजाची वस्ती मोठी आहे आणि तांड्यावरील मुलांची घरची बोली गोरमाटी असते. असे मूल पहिलीत मराठीतील सूचना समजत नाही म्हणून गप्प राहते आणि ‘मंद’ ठरविले जाते, ही एक बाजू. दुसरी बाजू याहून घातक आहे : खरोखर कमी ऐकू येणाऱ्या मुलाचे मौन ‘भाषा वेगळी आहे, रुळेल हळूहळू’ असे म्हणून दोन-तीन वर्षे दुर्लक्षिले जाते. मूल घरच्या बोलीत गोष्ट सांगते काय, मागून हाक मारली तर वळून पाहते काय, हे घरचेच माणूस खात्रीने सांगू शकते. पालकांकडे असलेले हे ज्ञान कोणत्याही तपासणी-अहवालात नसते, आणि बैठकीत ते सर्वप्रथम मांडले गेले पाहिजे.

वर्गातील तजवीज : परिणामकारक कैवाराचे गमक म्हणजे बालकाच्या अडचणीचे वर्गात करता येण्याजोग्या ठोस मागणीत रूपांतर करणे. ‘माझ्या मुलाकडे लक्ष द्या’ ही विनंती कोणीही अमान्य करीत नाही आणि कोणीही पाळत नाही. याउलट ‘फळ्याकडे तोंड करून बोलू नका’ ही मागणी पाळली गेली किंवा नाही, हे त्याच दिवशी कळते.

श्रवणयंत्र वापरणाऱ्या मुलाचे उदाहरण घेता येईल. यंत्र लावले की मूल इतरांप्रमाणे ऐकू लागते, अशी सर्वत्र समजूत आहे. वस्तुतः यंत्र सर्वच आवाज मोठे करते आणि चार-सहा फुटांपलीकडील बोलणे वर्गाच्या गलक्यात मिसळून जाते. पत्र्याच्या छपरावर पाऊस पडू लागला की यंत्र जवळजवळ निरुपयोगी ठरते. मुलाला ओठांच्या हालचालींचा आधार घ्यावा लागतो, पण ओठ सर्वच काही सांगत नाहीत : ‘पाळ’, ‘बाळ’ आणि ‘माळ’ हे तीन शब्द आरशापुढे उभे राहून आवाज न करता उच्चारले, तर त्यांत काडीचाही फरक दिसत नाही. म्हणून शिक्षकाचा चेहरा उजेडात असावा, त्याने मुलाजवळ उभे राहून बोलावे, नवीन शब्द फळ्यावर लिहावा आणि श्रुतलेखनाच्या वेळी शब्द वाक्यात घालून सांगावा, या मागण्या योग्य ठरतात. ‘समजले का?’ असे विचारल्यास मूल मान डोलावते; त्याऐवजी ‘काय करायचे ते सांग’ असे विचारावे. यंत्रातील घटमाला संपली आहे काय, हे सकाळी कोणी पाहायचे, तेही ठरवून घ्यावे लागते.

अल्पदृष्टी असलेल्या मुलापुढील अडचण देवनागरी लिपीमुळे विशेष रूप धारण करते. अक्षराचा मुख्य भाग त्याला दिसतो, पण शिरोरेषेवरील व अक्षराखालील बारीक खुणा निसटतात. ‘चिंता’चे ‘चिता’ होते, ‘कूल’ व ‘कुल’ सारखेच वाटतात. शिक्षक यास शुद्धलेखनाची चूक मानतात. वापरून गुळगुळीत झालेला फळा चकाकतो व खिडकीच्या बाजूने तो पांढरा दिसतो. फळ्याला नवा रंग देणे आणि मुलाची जागा बदलणे, एवढ्याने पुष्कळ काही साधते. जाड रेषांच्या वह्या व मोठ्या अक्षरांतील पाठ्यपुस्तके मागता येतात. पूर्ण अंध मुलासाठी ब्रेल पुस्तके लागतात. भारतीय भाषांसाठीची एकसूत्री भारती ब्रेल १९५१ मध्ये निश्चित झाली असून मराठीचे लेखन तिच्यातच होते.

वाचन-लेखनातील विशिष्ट अध्ययन अक्षमता ही सर्वांत उशिरा ओळखली जाते, कारण असे मूल बोलण्यात हुशार असते. ‘भ’ व ‘म’, ‘घ’ व ‘ध’ यांची गल्लत, जोडाक्षरांची मोडतोड आणि ‘र’ या वर्णाची निरनिराळी रूपे न ओळखता येणे, ही मराठीतील नेहमीची लक्षणे होत. संख्यावाचनातही अशीच अडचण येते : आपण ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी उच्चारतो, लिहिताना मात्र दोन आधी लिहितो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस पाच’ अशी पर्यायी वाचनपद्धती दिली गेली, तेव्हा भाषेची मोडतोड म्हणून तिच्यावर मोठी टीका झाली. भाषेच्या दृष्टीने ती टीका कितीही रास्त असो, संख्या उलट लिहिणाऱ्या मुलांना या पद्धतीचा आधार होऊ शकतो, हा मुद्दा त्या वादात बाजूलाच पडला. या अक्षमतेचे निश्चित निदान साधारणतः आठव्या वर्षानंतर होते. तथापि मोठ्याने वाचण्याची सक्ती न करणे, तोंडी उत्तर ग्राह्य धरणे, यांसाठी निदानाची वाट पाहावी लागत नाही.

मेंदूचा पक्षाघात असलेल्या मुलाच्या बाबतीत बुद्धीविषयीचा गैरसमज दूर करणे हेच मोठे काम असते. बोलणे अस्पष्ट व मान अस्थिर असल्याने ते समजत नसेल, असे गृहीत धरले जाते. पाय टेकतील एवढ्या उंचीची खुर्ची, लेखन कमी व तोंडी काम अधिक, आणि स्वच्छतागृहापर्यंत जाण्याची सोय या त्याच्या प्राथमिक गरजा होत. यांपैकी स्वच्छतागृहाचा उल्लेख बैठकांत संकोचाने टाळला जातो. दिवसभर पाणी न पिता शाळेत बसणारी मुले आणि त्याच कारणाने सहावी-सातवीत शाळा सोडणाऱ्या मुली, हे वास्तव प्रस्तुत लेखिकेने अनेक गावांत पाहिले आहे. रॅम्प बांधला, पण त्याच्या टोकाशी दार अरुंद, असेही पुष्कळ ठिकाणी दिसते. स्वमग्न मुलास परिपाठाचा गलका व अचानक बदललेले वेळापत्रक असह्य होते. त्यास आदल्या दिवशी कल्पना देणे हीच तजवीज. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलास चिंचोक्यांसारख्या वस्तू हाताळून व कामाचे लहान टप्पे पाडून शिकविणे उपयुक्त असते. अपस्माराच्या एका प्रकारात मूल काही क्षण शून्यात पाहते; ते लक्ष देत नाही म्हणून त्याला शिक्षा होऊ नये, एवढ्यासाठी तरी शिक्षकास हे आधी सांगितलेले असावे.

बैठक, अर्ज व पोच : पालकांनी मुख्याध्यापक, वर्गशिक्षक व विशेष शिक्षक यांच्यासमवेत वर्षारंभी एकदा बसून मुलाची वैयक्तिक शिक्षण योजना ठरवावी, हा सर्वोत्तम मार्ग होय. योजनेत मुलाला आज काय येते, सहामाहीपर्यंत काय यावे, त्यासाठी वर्गात कोणते बदल करायचे आणि ते कोणी करायचे, याची नोंद असावी. मुलाला येत असलेल्या गोष्टींनी सुरुवात करणे इष्ट. कारण कागदावर केवळ उणिवांची यादी असली की ती वाचणाऱ्याची अपेक्षाच खाली जाते. योजनेत चार-पाच बदलांपेक्षा अधिक असू नयेत. दोन इयत्ता एकत्र शिकविणाऱ्या शिक्षकास पंचवीस सूचना देणे म्हणजे एकही न पाळली जाण्याची व्यवस्था करणे होय.

तोंडी आश्वासन सद्‌भावनेने दिलेले असले, तरी शिक्षकाची बदली झाली की तेही बदलीवर जाते. म्हणून ठरलेल्या गोष्टी साध्या अर्जाच्या रूपाने लिहून द्याव्यात, अर्जावर दिनांक घालावा, दोन प्रती कराव्यात आणि आपल्या प्रतीवर पोच घ्यावी. लिहिता न येणाऱ्या पालकास शेजारचा महाविद्यालयीन मुलगा किंवा आशा स्वयंसेविका मदत करू शकते. शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. तेथे विषय मांडून ठराव करून घेतल्यास तो व्यक्तीचा न राहता शाळेचा होतो. समग्र शिक्षा योजनेत विशेष बालकामागे वर्षाला ३,५०० रुपयांपर्यंत तरतूद असून मुलींना दहा महिने दरमहा २०० रुपये प्रोत्साहन भत्ता आहे. प्रवास, मदतनीस व वाचक यांच्या भत्त्यांचीही तीत सोय असते. यांची मागणी शाळेमार्फतच करावी लागते.

एवढे करूनही दाद न मिळाल्यास २००९ च्या अधिनियमाच्या कलम ३२ नुसार स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते; तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हावयास हवा आणि त्यावर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. २०१६ च्या अधिनियमाखालील राज्य आयुक्तांना चौकशीसाठी दिवाणी न्यायालयाचे काही अधिकार आहेत. हे मार्ग माहीत असावेत, परंतु पहिल्याच भेटीत त्यांचा उच्चार करू नये. ज्या शिक्षकाच्या हाती मूल रोज सहा तास असते, त्याला वैरी करून कोणताही आदेश उपयोगी पडत नाही. अनेक शिक्षक नकार देतात ते तुच्छतेने नव्हे, तर काय करावे हे ठाऊक नसल्यामुळे. उलट पालकांनी वर्षानुवर्षे केवळ गोडीने बोलत राहावे आणि मुलाचे वय निघून जावे, हेही योग्य नाही. लेखी अर्जास एका सत्रात उत्तर न मिळाल्यास वरच्या पायरीवर जावे, असा व्यावहारिक संकेत सांगता येईल.

मतभेद : सर्वच विशेष बालकांनी सर्वसाधारण शाळेत शिकावे काय, याबाबत एकमत नाही. कर्णबधिरांच्या अनेक संघटना व शिक्षक सांकेतिक भाषेत बोलणाऱ्या मुलांचा सहवास आवश्यक मानतात; ऐकणाऱ्या चाळीस मुलांत एकटे बहिरे मूल प्रत्यक्षात एकाकी पडते, हा त्यांचा युक्तिवाद वजनदार आहे. अंध मुलाने ब्रेल व छडी घेऊन चालणे प्रथम विशेष शाळेत शिकावे आणि मग गावच्या शाळेत यावे, असाही एक मध्यम मार्ग आहे. दुसऱ्या बाजूस, निवासी विशेष शाळा म्हणजे सहा वर्षांच्या मुलाने घर, भावंडे व गाव सोडणे होय. परत आल्यावर गावात त्याला ओळखणारे समवयस्क नसतात. प्रस्तुत लेखिकेच्या मते याचे उत्तर अक्षमतेच्या प्रकारावरून न देता त्या त्या मुलाकडे व उपलब्ध शाळांकडे पाहून द्यावे लागते, आणि कायद्यानेही निवड मुलाच्या बाजूस ठेवली आहे. इतर पालकांचा आक्षेप—अशा मुलामुळे आपल्या मुलांचा अभ्यास मागे पडतो—बैठकांत उघडपणे घेतला जातो. फळ्यावर मोठे अक्षर, सावकाश सूचना व तोंडी उजळणी यांचा लाभ वर्गातील कच्च्या मुलांनाही होतो, हे शिक्षकाने दाखवून दिल्यास तो सहसा मावळतो.

परीक्षा व पुढील वाटचाल : अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना शालान्त परीक्षेत सवलती देण्याच्या बाबतीत महाराष्ट्राने १९९६ च्या सुमारासच पुढाकार घेतला होता. केंद्राच्या २०१३ व २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार लेखी परीक्षेत तासामागे वीस मिनिटांचा जादा वेळ व लेखनिक यांची तजवीज आहे. दहावीच्या परीक्षेसाठीचा अर्ज शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो. त्यामुळे प्रमाणपत्र व पूर्वीच्या इयत्तांतील सवलतींची नोंद नववीतच तयार असावी. ज्या मुलाने कधी लेखनिकास मजकूर सांगितलेला नाही, त्याला दहावीला मिळालेला लेखनिक अडचणच करतो. प्रश्न ऐकून उत्तराची वाक्ये क्रमाने सांगणे हे वेगळे कौशल्य असून त्याचा सराव सातवी-आठवीपासून घटक चाचण्यांत करून घ्यावा लागतो.

याच सुमारास कैवाराचे सूत्र हळूहळू मुलाच्या हाती जाते. पाचवीतील मुलीने ‘मला इथून दिसत नाही’ असे स्वतः उठून सांगणे, आठवीत बैठकीस स्वतः हजर राहणे आणि अर्जावर आईबरोबर आपलीही सही करणे, असे याचे टप्पे असतात. काही पालकांना हे जड जाते, कारण इतकी वर्षे मुलाच्या वतीने बोलण्याची सवय झालेली असते. मूल चुकीचे किंवा अपुरे सांगत असले, तरी बैठकीत त्याचे बोलणे पुरे होऊ द्यावे आणि आपली भर नंतर घालावी, असे विशेष शिक्षक सुचवितात.